ज्या गाण्यानं यंदा कॉइल जाळल्या

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका अठरा इंची स्पीकरच्या पोटात हात घालून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "काका, सरत्या वर्षात आवडलेल्या दणदणीत गाण्यांवर आमच्या अंकासाठी लिहा. हळदी, वराती, मिरवणुका, सगळ्यांची गाणी तुमच्या हातावरून जातात." मी म्हणालो, "बाई, गाणी माझ्याकडं येत नाहीत. गाण्यांनी मारलेले स्पीकर येतात." त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तेच लिहा.

तेच लिहितोय. पण दहा गाण्यांची नावं वाचायला मिळतील या आशेनं कुणी बसलं असेल तर त्यानं पान उलटावं. यंदा माझ्यापुरतं एकच गाणं झालं, आणि त्यानं मला असे धक्के दिले की दिवाळी तोंडावर आली तरी मी पुरता सावरलेलो नाही. बायको म्हणते, तुम्हाला कशाचाही धक्का बसतो. खरं आहे. दुधाचा भाव वाढला तरी मी दोन दिवस बोलत नाही. पण हे प्रकरण दुधाचं नव्हतं.

माझं दुकान जळगावात, मेहरूणकडं जाणाऱ्या रस्त्यावर. उभ्या आयुष्यात मी एकच काम केलं, मेलेले स्पीकर उठवायचं. लोकांना वाटतं की मोठ्या आवाजानं स्पीकर फुटतो. तो फुटत नाही, जळतो. आत एक जडशीळ लोहचुंबक असतो, त्याच्या फटीत तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिला आम्ही कॉइल म्हणतो. करंट आला की कॉइल पुढं-मागं नाचते, तिला चिकटलेला कागदी पडदा नाचतो, पडद्यापुढची हवा नाचते आणि त्या हवेपुढं नवरदेवाचे मामा नाचतात. मामा दमले की बसतात. कॉइलला बसायची सोय नसते. ती तापते, काळी पडते, आणि एका क्षणी धुराची बारीक रेघ सोडून गप्प होते. मग ती माझ्याकडं येते. जुनी कॉइल आणि पडदा खरवडून काढायचा, फट साफ करायची, नवी कॉइल बरोबर मधोमध बसवायची, चिकटवायची, वाळू द्यायची. केसभर इकडंतिकडं झालं तर ती घासते आणि स्पीकर खोकतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक. एरंडोल रोडचा नंदू, दोन लेकरांचा बाप, साउंडच्या धंद्यात मुरलेला माणूस. त्यानं एकदा हळदीनं पिवळे झालेले स्पीकरचे पडदे साबण लावून घासून धुतले आणि उन्हात वाळत घातले. "काका, पार्टी म्हणाली सामान स्वच्छ पाहिजे." कागदी पडदा धुणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्यानं तर पावसाळाभर स्पीकरचे सगळे डबे केळी पिकवायच्या खोलीत ठेवले. का, तर तिथं कुलूप चांगलं आहे. त्या दमट हवेत पडदे असे लिबलिबीत झाले की बोट लावलं तर आरपार जाई. आणि डब्यांना वास असा की माझ्या दुकानाबाहेर दोन शेळ्या येऊन उभ्या राहिल्या.

असं सगळं पाहूनही मी गेल्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेल्या हंगामात पहिल्यांदा हबकलो तो जळालेल्या कॉइल पाहून. त्याचं असं आहे की कॉइल पाहून मला गाणं ओळखता येतं. नाव नाही, पण जात. ढोलताशाचं गाणं कॉइलला हिसके देतं, त्यात तार तुटते. मिरवणुकीचं गाणं लांबतं, त्यात चिकटवण सुटते. पण ढोल कितीही मारला तरी दोन ठोक्यांच्या मध्ये कॉइलला श्वास मिळतो. यंदा ज्या कॉइल आल्या त्या तुटलेल्या नव्हत्या, सुटलेल्याही नव्हत्या. चहूबाजूंनी सारख्या भाजलेल्या, तव्यावर सावकाश भाजलेल्या भाकरीसारख्या. म्हणजे असं काहीतरी वाजत होतं जे कॉइलला श्वासच घेऊ देत नव्हतं. एक आली, दोन आल्या, मग पारोळ्याहून, चाळीसगावहून, साक्रीहून तशाच येऊ लागल्या.

नंदूही तसाच भाजलेला डबा घेऊन आला. मी विचारलं, "काय वाजवतोस रे?"

"जातंवालं गाणं, काका. हळदीत त्याच्याशिवाय बाया उठत नाहीत. एकाच हळदीत सात-आठदा लावावं लागतं."

"जातंवालं म्हणजे?"

"अहिराणी आहे. बाई कोण आहे माहीत नाही, नाव नाही दिलेलं. खालून जात्याची घरघर येते, छाती हलते राजेहो."

दुरुस्त केलेला स्पीकर मी नेहमी त्याला ज्या गाण्यानं मारलं त्याच गाण्यावर तपासतो. कॉइल वाळल्यावर नंदूच्या फोनमधून ते गाणं लावलं. आधी आलं ते गुरगुरणं. दगडावर दगड फिरतोय असं, पण कुणी तो डोंगराएवढा करून ठेवलेला. टेबलावरचे स्क्रू चालू लागले. ढोल मारतो आणि सोडतो, हे सोडतच नव्हतं. मी मनात म्हणालो, अच्छा, भाजणारा हा आहे तर. आणि मग बाई गाऊ लागली, हळदीला हयद आणि पिवळीला पिवयी म्हणणाऱ्या आमच्या अहिराणीत.

"जातं फिरस गरगर,
हयद उडस घरभर,
पिवयी व्हयनी मनी बाय,
माय देखस वाटवर."

माझ्या हातातला पाना खाली पडला. तो माझ्या अक्काचा आवाज होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण वत्सला. शिंदखेड्याजवळच्या खेड्यात दिलेली, पासष्टी ओलांडलेली. आवाज ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं, कारण लहानपणी आई आजारी असायची तेव्हा पहाटे जात्यावर अक्का बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. जात्याचा खुंटा फिरत छातीजवळ आला की ती श्वास घेते. त्यामुळं तिच्या ओळीत शेवटच्या शब्दाआधी एक बारीकशी फट पडते. दुसऱ्या कुणाच्या गाण्यात मी ती फट ऐकलेली नाही. फोनमधल्या बाईनं 'वाटवर'च्या आधी तशीच फट सोडली.

आमच्या भागात हळद जात्यावर दळतात ती सवाष्णींच्या हातानं, आणि गाणी म्हणतात त्याही सवाष्णी. अक्काच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांत कित्येक वर्षं पहिलं गाणं तिनं उचलल्याशिवाय हळद कालवली जायची नाही. मागल्याच्या मागल्या पावसाळ्यात आमचे मेहुणे गेले. त्या दिवसापासून अक्काचं मांडवात जाणं बंद झालं आणि गाणंही. कुणी भांडलं नाही, कुणी हुकूम काढला नाही. बोलावणं येणं थांबलं, इतकंच. मी तिला भेटायला जायचो तेव्हा ती घरात काम करतानासुद्धा गुणगुणत नसे. मला ते फार लागायचं.

म्हणून मी हिशेब केला तो असा. अक्का आता गात नाही. म्हणजे हा आवाज जुना. तरुणपणी माझ्याकडं टेपरेकॉर्डर होता तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची गाणी एका कॅसेटमध्ये भरली होती, ती कॅसेट पुढं कुणीतरी नेली. कुणा चोरानं ती शोधून, खाली हे गुरगुरणं घालून, माझ्या बहिणीचा आवाज बाजारात लावला. नाव नाही दिलं, कारण चोर कशाला नाव देईल. माझं डोकं फिरलं. ज्या बाईला जिवंतपणी मांडवाबाहेर काढलं तिचाच आवाज मांडवात नाचवायचा, आणि तिला पत्ताही नाही.

नंदूनं चौकशी करून सांगितलं, गाणं धुळ्याला तयार झालंय, रफिकच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे एका गल्लीतली वरची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. रफिक तिशी-पस्तिशीचा, शांत डोळ्यांचा. त्याचे वडील लग्नात सनई वाजवायचे. मी दारातूनच सुरू झालो. तुला लाज वाटते का, घरात आई-बहीण आहे का, जुनी कॅसेट कुठून उचललीस, सगळं एका दमात.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, कॅसेट कसली? अक्का स्वतः इथं येऊन गाऊन गेल्या."

मी मटकन बसलो. बसलो ते ढोलकीवर, खुर्चीवर नाही.

"मागच्या दिवाळीच्या आधी आल्या. गावाहून दुधाची गाडी येते ना, तिच्यात बसून. सोबत पोत्यात जातं. माझे दोन माणसं लागले वर चढवायला. मला म्हणाल्या, तुझ्या पेटीतला ढोल मला नको, मी जात्याशिवाय गात नाही. जोडीला कुणी पाहिजे होतं म्हणून माझी अम्मी बसली समोर. दोघींनी ओंजळभर हळकुंडं दळली. जमिनीवर माइक ठेवला होता मी. काका, ती घरघर मी नुसती संथ करून खाली पसरवली. त्यात माझं काही नाही. ते वजन जात्याचंच आहे."

"आणि नाव?"

"मी तर म्हटलं, मोठं नाव टाकू. त्या म्हणाल्या, नाव टाकलं तर गाणं देणार नाही."

मी आयुष्यभर स्पीकरच्या आत डोकं घालून बसलेला माणूस. मला वाटायचं, आवाजाचं असं काही राहिलं नाही ज्यानं मी चकित होईन. आणि माझी नऊवारीतली बहीण, जी धुळ्याच्या बाजारात रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरते, ती पोत्यात जातं घालून स्टुडिओत गेली होती. खानदेशातल्या कॉइल ती जाळत होती. रफिकनं चहा दिला तो माझ्या हातात तसाच निवला.

तिथून थेट शिंदखेड्याची एसटी धरली. अक्का ओट्यावर लाल मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"अक्का, धुळ्याले जाई उनू मी."

तिनं मान वर केली नाही. "मंग रफिकनी चहा पाजा का नही?"

म्हणजे तिनं ओळखलं होतं की मी कधीतरी येणार. मी धप्पकन ओट्यावर बसलो. मला राग यायला हवा होता की हसू, तेच कळेना. मी विचारलं, "काब्र अक्का? आनी माले बी सांगं नही?"

मिरचीचे हात पदराला पुसावे की न पुसावे असं करत ती थांबली. मग बोलली.

"शेजारनी पोरनं लगीन व्हतं. मी घरमा. बाया भिंतवरथीन माले इचारतस, अक्का, पुढे काय शे? मी सांगस. त्या गातस. परत येतस, अक्का, आते काय? मी परत सांगस." तिनं एक देठ खुडलं. "मना शब्द चालतस भाऊ, मनं तोंड चालत नही."

मेहुण्यांच्या दहाव्यालासुद्धा ती इतकं बोलली नव्हती.

"मंग मी इचार कया," ती म्हणाली, "बाईले जाता येत नही ते आवाज धाडी देऊत. डब्बामाईन येनारा आवाजले कोन इचारस, तुना कपायवर कुकू शे का नही?"

आणि ती हसली. दीड वर्षात पहिल्यांदा मी तिचे पुढचे दात पाहिले. मग लगेच गंभीर होऊन तिनं मला शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही. "लोकेस्ले कयनं का हाई रांडव बाईना आवाज शे, ते गानं बंद पडी. माले दुसरं काही नको. हयद लागस तठे मी ऱ्हास, इतलंच." विधवेसाठीचा तो कडक शब्द तिनं स्वतःसाठी अगदी सहज वापरला.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो आणि मध्येच डोळे पुसत होतो. शेजारचा माणूस सरकून बसला.

त्यानंतर माझी मोठी गंमत झाली. साउंडवाले यायचे आणि विचारायचे, काका, हे जातंवालं गाणं लावलं की कॉइल जाते, काय करू? धंद्याच्या दृष्टीनं खरं उत्तर होतं की खालचा आवाज, म्हणजे ती घरघर, कमी कर. मी सांगायचो, डबे वाढव, वजन वाटून दे, पण खालचा आवाज कमी करू नको. ते म्हणायचे, काका, तुम्हाला पण आवडलं वाटतं. मी म्हणायचो, ठीक आहे गाणं. आतून माझी छाती फुगून जायची, आणि दुसऱ्याच क्षणी धाकधूक व्हायची की हे कुणाला कळलं तर? एका पारोळ्याच्या साउंडवाल्यानं तर सांगितलं की त्याच्या गावात एका म्हातारीनं हे गाणं ऐकून विचारलं, ही कोण भाग्याची सवाशीण आहे? मी तोंड फिरवून सोल्डरिंग गन शोधू लागलो. ती माझ्या हातातच होती.

आणि मे महिन्यात माझ्या कोमलचं लग्न निघालं.

कोमल माझी एकुलती एक मुलगी, बँकेत नोकरीला. आत्या म्हणजे तिचा जीव. सासरची माणसं धुळ्याची, चांगली, पण रीतभात पाळणारी. आमच्या घरात रीतभात म्हणजे मोठी काकू. माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, ऐंशीच्या घरातली, स्वतः कित्येक वर्षांपूर्वी विधवा झालेली. स्वतः मांडवात पाऊल टाकत नाही, पण मांडवात कुणी कुठं बसायचं ते तीच ठरवते. मी तिला म्हणालो, अक्का हळदीला कोमलजवळ बसेल. काकू म्हणाली, "तुले पोरना संसार सुखना पाहिजे का नही? ती मनासंगे कोठीमा बशी." कोठी म्हणजे मांडवाला लागून असलेली सामानाची खोली, लाडू, तांदूळ, साड्यांचे गठ्ठे ठेवलेली. मी आणखी बोलणार तेवढ्यात अक्कानंच माझी बाही ओढली. "ऱ्हाऊ दे भाऊ." तिला मांडवापेक्षा तिचं गुपित प्यारं होतं. मी काकूला बरं म्हणालो.

साउंड नंदूचा. कोमलनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, जातंवालं गाणं पाहिजे म्हणजे पाहिजे. मी म्हणालो, दुसरं काही लाव ना बाळा. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला कधी कुठलं गाणं आवडलंय?"

हळद दुपारी चारला. मे महिन्यातलं जळगाव, पत्र्याखाली बसलं तर माणूस वाळवणासारखा आखडतो. वराकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. कोमल पाटावर बसली. माझी बायको सुनंदा हळदीची वाटी घेऊन उभी राहिली. नंदूनं सगळे डबे मांडवात आणि त्यांना ताकद देणारा अँप्लिफायर, म्हणजे अँप, मात्र बाहेर उन्हात ठेवला होता, आत जागा नव्हती म्हणून. मी त्याच्यावर खेकसलो. तो म्हणाला, "काका, दोन गाण्यांचा तर विषय आहे."

गाणं सुरू झालं. जात्याची घरघर जमिनीतून वर आली तशा बायका उठल्या. धुळ्याच्या विहीणबाई, ज्या तासभर ताठ बसून होत्या, त्यांनी पदर खोचला. आणि कोठीच्या खिडकीच्या गजांआड मला अक्काचा चेहरा दिसला. ती बघत होती. तिच्या आवाजावर तिची भाची पिवळी होत होती आणि तिला कुणी बघत नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की तिला काय पाहिजे होतं, आणि ते कितीसं होतं.

"पिवयी व्हयनी…" इथपर्यंत गाणं आलं आणि आवाज गेला.

अँपचा लाल दिवा लागला होता. अँप फार तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो, निवेपर्यंत कुणाचं काही चालत नाही. बायकांचे हात वरच्या वर राहिले. सुनंदाची हळदीची बोटं कोमलच्या गालापासून वीतभर अंतरावर थांबली. नंदू अँपवर टोपीनं वारा घालत होता. मला वाटलं, सुटलो, आता मी दुसरं गाणं लावायला सांगतो.

"…मनी बाय,
माय देखस वाटवर."

कोठीतून आलं. जिथं यंत्र तुटलं होतं तिथूनच. 'वाटवर'च्या आधी तीच फट. ना डबा, ना अँप, ना खाली जात्याची घरघर, नुसता अक्काचा गळा. पुढचा अंतराही तिनं उचलला, जो त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच.

"वाट जास नदीपार,
हयद ऱ्हास हातवर."

मांडवात कुणी हललं नाही. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "हाई ते गानामधली बाई शे." तोवर ज्याच्या लक्षात आलं नव्हतं त्याच्याही आलं. दोघी-तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. एकजण कुजबुजली, नवरा नाही ना हिला? अक्का अशी कशी चुकली? की चुकली नव्हती? नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, हळदीचं गाणं अर्ध्यावर सोडत नाहीत, पोरीला बरं नसतं. तिला तेवढंच सुचलं होतं. स्वतःचं ती विसरून गेली होती.

गाणं चालू असतानाच कोठीचं दार उघडलं. दारात मोठी काकू. तिनं अक्काचं मनगट धरलेलं. मला वाटलं, झालं, आता काकू सगळ्यांसमोर हिला घालवून देणार, लग्नाला गालबोट लागणार, आणि अक्का पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. मी पुढं झालो, पण काकूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती अक्काला ओढत मांडवाच्या कडेपर्यंत घेऊन आली. अक्काची नजर जमिनीवर, गळा मात्र थांबलेला नाही. बायका आपोआप बाजूला झाल्या. काकूनं तिथं एक क्षण पाऊल अडवलं, मग स्वतः आत टाकलं. जी बाई विधवा झाल्यापासून कधी मांडवात आली नव्हती ती कोमलच्या पाटाजवळ येऊन उभी राहिली आणि अक्काला तिनं शेजारी बसवलं.

तेवढ्यात नंदूचा अँप निवला. लाल दिवा गेला, हिरवा लागला.

"काका, आलं साउंड," तो मला म्हणाला. "लावू का?"

मी तोंड उघडायच्या आत काकू त्याच्याकडं वळली.

"ऱ्हाऊ दे रे तुनं मशीन," ती म्हणाली. "मनी पोर गाई ऱ्हायनी."

मी उन्हात गेलो आणि अँपची वायर काढून घेतली.